फोटोवरून नाकतोडा ओळखताना: क्रम चुकला की नाव चुकते

पावसाळा सुरू झाला की नागपूर परिसरात नाकतोड्यांचे फोटो भरपूर निघतात आणि "हा कोणता?" हा प्रश्न सोबत येतो. बहुतेक फोटोंना उत्तर देता येत नाही. फोटो वाईट असतात असे नाही. पाठीवर सोनेरी ऊन, मागे धूसर हिरवळ, सगळे छान असते; पण नाकतोडा ज्या भागांवरून ओळखतात ते भाग फोटोत नसतात. पुढच्या पायांमधला छोटा उंचवटा अंगाखाली लपलेला, शेपटाचे टोक गवताआड आणि मागचे पंख मिटलेले.

दुसरी चूक नाव देणाऱ्याची. तो रंगापासून सुरुवात करतो. हिरवा म्हणजे धानावरचा, मोठा ठिपकेदार तपकिरी म्हणजे टोळधाडीतला. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे काटोल भागात उतरले होते. त्यामुळे तसा दिसणारा एखादा नाकतोडा दिसला तरी धास्ती वाटणे साहजिक आहे. पण चुकीच्या नावावरून फवारणी झाली तर पैसा जातो आणि शेतातले मित्रकीटकही मरतात. म्हणून आधी रचना, मग खुणा आणि सगळ्यात शेवटी रंग, हा क्रम पाळायचा.

## कामापुरते शब्द

डोक्यामागे पाठीवर बसलेली आणि दोन्ही बाजूंना उतरणारी कडक ढाल म्हणजे प्रोनोटम. ती खोगिरासारखी दिसते, म्हणून इथे तिला खोगीरच म्हटले आहे. मागच्या पायाचा जाड भाग मांडी, त्याखालचा काटेरी भाग नडगी आणि टोकाचे पाऊल. वरून दिसणारे चिवट, अरुंद पंख पुढचे. त्यांच्याखाली पंख्यासारखे घडी घालून ठेवलेले पातळ पंख मागचे. काही नाकतोड्यांना छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या बरोबर मध्ये, एक छोटा उंचवटा असतो. त्याला खुंट म्हणू या. पुढे निम्मे काम या खुंटावर चालते.

## टप्पा १: निघण्यापूर्वीची तयारी

फोन चालतो. मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सचा कॅमेरा असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका. फोनला अडकवायची क्लिपची मॅक्रो लेन्स पुष्कळ काम करते. बऱ्याच फोनांमध्ये किड्याच्या फार जवळ गेले की कॅमेरा आपोआप रुंद कोनाच्या लेन्सवर जातो. मग डोके फुगलेले आणि शेपूट बारीक दिसते, म्हणजे ज्या प्रमाणावरून ओळखायचे तेच बिघडते. सेटिंगमध्ये ही सोय बंद करा, १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि दुप्पट झूम वापरा.

सोबत काय घ्यायचे:

- सपाट तळाची, स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची डबी, साधारण ८ ते १० सेंटिमीटर रुंद. तळावर नक्षी किंवा कंपनीचे नाव उठवलेले नको.
- मिलिमीटरच्या ग्राफ पेपरचा तुकडा, लॅमिनेट केलेला.
- बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर, फ्लॅशसमोर धरायला.
- मऊ ब्रश, वही आणि पेन्सिल. पावसात पेनची शाई पसरते.

मापासाठी रुपयाचे नाणे ठेवू नका. १९९२ च्या मालिकेतले रुपयाचे नाणे २५ मिलिमीटरचे होते, २०११ च्या मालिकेतले सुमारे २२ मिलिमीटरचे आहे. फोटोत कोणते आहे हे नंतर कळत नाही आणि मापात आठव्या भागाची चूक होते.

तपासणी: घरीच ग्राफ पेपरचा फोटो ठरवलेल्या अंतरावरून काढा आणि मोठा करून पाहा. मिलिमीटरच्या रेषा एकमेकींपासून सुट्या दिसल्या तर नाकतोड्याचे बारकावे मिळतील. रेषा एकमेकींत मिसळल्या तर अंतर, लेन्स किंवा उजेड बदला.

वेळ सकाळची चांगली, ऊन चढायच्या आधी, साधारण सात ते नऊ. अंग गरम झालेले नसते, म्हणून नाकतोडा उडी कमी मारतो. पूर्ण वाढलेले नाकतोडे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जास्त मिळतात. जुलैत मुख्यतः पिल्ले दिसतात.

सावधान: पऱ्हाटीत (कपाशीत) किंवा सोयाबीनमध्ये नुकतीच फवारणी झाली असेल तर शिरू नका, शेतकऱ्याला आधी विचारा. धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) गवतात घोणस असते, त्यामुळे बूट घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत. गोरेवाडा, पेंच किंवा वनविभागाच्या इतर हद्दीत किडा पकडायचा नाही. तिथे टप्पा ४ सोडून द्यायचा.

## टप्पा २: जवळ जाणे

पहिला फोटो दूरूनच काढून ठेवा, दीड मीटरवरून, झाड किंवा गवत दिसेल असा. किडा उडाला तरी एवढी नोंद हातात राहते. मग वाकून हळू पुढे जा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.

काडीवर बसलेला नाकतोडा आपण जवळ गेलो की काडीच्या पलीकडे सरकतो. त्याच्या मागे गोल फिरू नका. दुसरा हात हळूच काडीच्या पलीकडे न्या, तो पुन्हा आपल्या बाजूला येतो.

कोणत्या झाडावर बसला आहे ते लिहा, पण "खातो" असे लिहू नका. चावताना किंवा पान कुरतडलेले पाहिले असेल तरच तसे लिहा. रुईवरचा नाकतोडा खरेच रुई खातो. इतर अनेक नुसते टेकलेले असतात.

## टप्पा ३: सात फोटो, याच क्रमाने

हा क्रम मुद्दाम ठरवला आहे. ज्या बाजू किडा न पकडता मिळतात त्या आधी घेतल्या आहेत. तिसऱ्या फोटोनंतर तो उडाला तरी बरेच हाती लागलेले असते.

१. बरोबर बाजूने. कॅमेरा किड्याच्या उंचीला आणि अंगाला काटकोनात. डोक्याचा उतार, खोगिराच्या वरच्या धारेचा आकार, मांडी, पंखांची लांबी, सगळे एकाच फोटोत येते. एकच फोटो मिळणार असेल तर हाच मिळवा. फोकस खोगिरावर ठेवा. पंखांच्या टोकावर ठेवला तर डोके धूसर येते आणि फोटो वाया जातो.

२. बरोबर वरून. खोगिराला मधोमध एक उभी धार असते आणि बऱ्याच जातींत दोन्ही कडांनाही असते. या धारा सरळ आहेत, आत वळलेल्या आहेत की तुटक आहेत, हे पाहायचे असते. कॅमेरा थोडा जरी तिरका झाला तरी सरळ धार वाकडी दिसते. चुकीच्या ओळखीचे हे फार मोठे कारण आहे.

३. समोरून आणि थोडे वरून. दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळाचे टोक कसे आहे, मिशा काठीसारख्या गोल आहेत की तलवारीसारख्या चपट्या.

४. मागची मांडी आणि नडगी. बाहेरची बाजू पहिल्या फोटोत आलेली असते. मांडीची आतली बाजू आणि नडगीचा रंग वेगळे टिपा. काही गटांत लाल, निळा किंवा पिवळा रंग फक्त तिथेच असतो. गुडघ्याचा जवळून एक फोटो काढा. त्याचे महत्त्व टप्पा ७ मध्ये कळेल.

५. शेपटाचे टोक, बाजूने आणि वरून. लिंग यावरून कळते. नराच्या टोकाला दोन्ही बाजूंना असलेले छोटे आकडे काही वंशांत (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) जात ठरवायला लागतात.

६. छातीची खालची बाजू. यासाठी डबी लागते.

७. मागचे पंख उघडलेले. हा सगळ्यात अवघड. उडताना रंग दिसला असेल तर तेवढे तरी वहीत लिहा: "उडताना पिवळा, कडेला काळा पट्टा."

तपासणी: पुढच्या किड्याकडे जाण्याआधी फोटो मोठे करून पाहा. डोळा, खोगीर आणि गुडघा तिन्ही स्पष्ट आहेत का? दाट सावलीत पानांतून येणारा उजेड तपकिरी अंगावरही हिरवट झाक टाकतो. तसे दिसत असेल तर ग्राफ पेपर त्याच उजेडात धरून एक फोटो काढा. कागदाच्या पांढऱ्या भागावरून रंग नंतर दुरुस्त करता येतो.

फोनमधले सौंदर्य-फिल्टर आणि रंग गडद करणारे मोड बंद ठेवा. मूळ फोटो कापू नका. कापायची ती प्रत. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन धारा आणि काटे पुसट होतात.

## टप्पा ४: डबीतले फोटो

हातात धरायचे असेल तर दोन्ही मागच्या मांड्या एकत्र, अंगाला चिकटवून, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरा. एका पायाला धरले तर तो पाय सोडून नाकतोडा निसटतो आणि पूर्ण वाढलेल्या नाकतोड्याला तो पाय पुन्हा येत नाही. तोंडातून तपकिरी रस काढला तर घाबरू नका, त्याचा फक्त डाग पडतो. रुईवरचा नाकतोडा मात्र चेहऱ्याजवळ नेऊ नका. त्याची पिल्ले डिवचल्यावर पाठीकडून रसाची चिळकांडी उडवतात आणि रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये या किड्याच्या अंगात साठलेली असतात. त्याला हात लागला तर डोळे चोळण्याआधी हात धुवा.

डबीत सोडल्यावर किडा भिंतीवर चढतो. खालचा फोटो त्याच वेळी मिळतो: डबी उचला आणि बाहेरून, पारदर्शक भिंतीतून पोटाकडचा फोटो घ्या. फोकस पुढच्या दोन पायांच्या मध्ये. प्लास्टिकवर चमक येत असेल तर फ्लॅश बंद करा आणि बटर पेपर उन्हाच्या बाजूला धरा.

फार धडपड करत असेल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ५ ते १० मिनिटे ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटे तो संथ राहतो. पण पावसाळी हवेत डबीवर लगेच वाफ धरते, म्हणून कोरडा रुमाल हाताशी ठेवा आणि आधी आतून-बाहेरून पुसा. हे न केल्याने धूसर आलेले फोटो पुष्कळ असतात.

मागचे पंख उघडायचे असतील तर अंग हलकेच धरून पुढच्या पंखाची वरची कड पुढे सरकवा. मागचा पंख पंख्यासारखा आपोआप उलगडतो. फक्त एक बाजू, एक फोटो, आणि सोडून द्या. कोवळ्या, नुकती कात टाकलेल्या किड्यावर हे करू नका. पंख ओले असतात, मोडतात.

मापासाठी डबीखाली ग्राफ पेपर ठेवून वरून एक फोटो घ्या. लांबी दोन तऱ्हांनी मोजतात: कपाळाच्या टोकापासून पोटाच्या टोकापर्यंत, आणि कपाळाच्या टोकापासून मिटलेल्या पंखांच्या टोकापर्यंत. दोन्ही लिहा आणि कोणती कोणती तेही लिहा. नुसते "४५ मिलिमीटर" लिहिले तर त्याचा उपयोग होत नाही.

काम झाले की किडा जिथे सापडला तिथेच सोडा.

## टप्पा ५: नावाच्या आधीचे तीन प्रश्न

आता घरी, फोटो समोर ठेवून. ॲप अजून उघडायचे नाही.

नाकतोडाच आहे का? मिशा अंगापेक्षा लांब, केसासारख्या असतील तर तो लांब मिशांचा हिरवा पानकिडा किंवा रातकिडा, या लेखातला नाही. त्यांच्या मादीला शेपटाला तलवार किंवा सुई दिसते आणि कान पुढच्या पायाच्या नडगीवर असतो. नाकतोड्याच्या मिशा आखूड, आणि कान पोटाच्या पहिल्या वळ्यावर, पंखाच्या बुडाशी. निमुळत्या डोक्याचा नाकतोडा पाहून "खंडोबाचा घोडा" म्हटले जाते. पुढचे पाय दुमडून भक्ष्य पकडणारे आहेत की साधे, एवढे पाहिले की शंका मिटते.

वाढलेला आहे की पिल्लू? इथे सर्वाधिक चुका होतात. आखूड पंख दिसले की "आखूड पंखांची वेगळी जात" असे ठरवले जाते. मोठ्या पिल्लांत पंखांच्या कळ्या पाठीवर उलट्या बसतात: मागच्या पंखाची त्रिकोणी कळी वर आणि पुढच्या पंखाची तिच्याखाली झाकलेली. वाढलेल्या, पण आखूड पंखांच्या नाकतोड्यात पुढचा पंख नेहमी वर असतो. वरच्या कळीतल्या शिरा पंख्यासारख्या पसरत असतील तर पिल्लू समजा. पिल्लाला जातीचे नाव देणे बहुतेक वेळा टाळावे. रंग, खोगिराचा आकार आणि डोक्याचे प्रमाण वाढीबरोबर बदलते. रुईवरचे पिल्लू आणि पानासारख्या उंच खोगिराच्या टेराटोडीसचे पिल्लू यांसारखे ठळक अपवाद थोडे.

नर की मादी? मादीच्या टोकाला अंडी घालण्याचे चार आखूड, कडक दात दिसतात. नराचे टोक होडीच्या नाळेसारखे वर वळलेले असते. एकाच जातीचा नर मादीपेक्षा बराच लहान असू शकतो, म्हणून लिंग न पाहता आकाराची तुलना करू नका. पाठीवर बसलेला छोटा नाकतोडा पाहून "आई आणि पिल्लू" असेही लिहिले जाते. ती जोडी असते.

सावधान: पंखांच्या बुडाशी लाल मणी दिसले तर ते रंगाचे ठिपके नाहीत. ते परजीवी कोळीकिडे. वर्णनात घेऊ नका.

## टप्पा ६: गट ठरवणे

खोगीर मागे लांब होत पोटाच्या टोकापर्यंत गेले आहे आणि किडा ८ ते १५ मिलिमीटरचा आहे? मग तो टेट्रिगिडी कुळातला. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या ओल्या काठावर हे भेटतात. फोटोवरून पुढे जाऊ नका, कुळावर थांबा.

खोगीर नेहमीच्या मापाचे असेल तर कपाळाचे टोक पाहा. टोकावर मधोमध एक बारीक चीर असेल तर पिर्गोमॉर्फिडी कुळ. डोके बहुधा शंकूसारखे असते. नागपूर परिसरात या कुळातले तीन चेहरे वारंवार दिसतात: रुईवरचा पोइकिलोसेरस पिक्टस, भाज्यांवरचा आणि गवतातला अट्रॅक्टोमॉर्फा, आणि मातीवर बसणारा चपटा, खडबडीत क्रोटोगोनस.

चीर नसेल तर बहुधा ॲक्रिडिडी कुळ. इथे सहावा फोटो समोर घ्या.

खुंट नाही: ॲक्रिडा, फ्लिओबा यांसारखे तिरक्या तोंडाचे, किंवा रंगीत मागच्या पंखांचे मातकट नाकतोडे (ट्रायलोफिडिया, ॲक्रोटायलस, ओडेलियस, गॅस्ट्रिमार्गस, आणि याच गटातला ऐओलोपस).

खुंट आहे: ऑक्सिया, हायरोग्लिफस, स्पॅथोस्टर्नम, कॅटँटॉप्सचा गट, आणि सिर्टाकॅन्थॅक्रिस व वाळवंटी टोळ यांचा मोठ्या नाकतोड्यांचा गट.

तपासणी: खुंटाचा फोटोच नसेल तर "खुंट नाही" असे लिहू नका, "पाहिले नाही" असे लिहा. न दिसणे आणि नसणे यांतला फरक या कामात सतत सांभाळावा लागतो.

## टप्पा ७: हमखास गोंधळ होणाऱ्या जोड्या

ॲक्रिडा आणि अट्रॅक्टोमॉर्फा. दोघांचे डोके टोकदार, दोघे हिरवे किंवा वाळक्या गवताच्या रंगाचे. ॲक्रिडाच्या मिशा बुडाशी रुंद, तलवारीसारख्या, आणि मागचे पाय काटकीसारखे लांब व बारीक. अट्रॅक्टोमॉर्फाच्या डोळ्यामागून खोगिराच्या खालच्या कडेपर्यंत बारीक मण्यांची ओळ असते आणि अंग बुटके असते. ही ओळ पहिल्या फोटोत दिसते. दोन्ही वंशांत हिरवा आणि तपकिरी हे एकाच जातीचे रंग असू शकतात. आपल्याकडे ॲक्रिडा एक्झाल्टाटा आणि अट्रॅक्टोमॉर्फा क्रेन्युलाटा ही नावे सहज दिली जातात. वंश नक्की झाला तरी जातीसमोर "बहुधा" लिहा.

ऑक्सिया आणि हायरोग्लिफस. मौदा, रामटेक, पारशिवनीकडच्या धानाच्या बांधीत (खाचरात) दोन्ही मिळतात. ऑक्सियाच्या डोळ्यामागून खोगिराच्या कडेने पंखाकडे जाणारा तपकिरी-काळा पट्टा असतो. हायरोग्लिफस मोठा, त्याच्या खोगिरावर आडव्या खाचा काळ्या शाईने ओढल्यासारख्या दिसतात. खात्रीसाठी गुडघ्याचा फोटो पाहा: ऑक्सियाच्या मागच्या गुडघ्याची खालची पाकळी टोकदार काट्यात संपते. ऑक्सियाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायला नराचे शेपटाकडचे आकडे आणि मादीच्या टोकाचे बारकावे लागतात, म्हणून नुसत्या बाजूच्या फोटोवर "ऑक्सिया हायला" लिहिणे म्हणजे अंदाज.

क्रोटोगोनस आणि इतर मातकट नाकतोडे. खरिपात उगवत्या रोपांजवळ, उघड्या मातीवर. क्रोटोगोनस वरून दाबल्यासारखा चपटा असतो, अंगावर खरखरीत पुटकुळ्या असतात, आणि खालून पाहिले तर छातीची पुढची कड कॉलरसारखी तोंडाखाली आलेली दिसते. एकाच जातीत आखूड आणि लांब पंखांचे दोन्ही किडे असतात, त्यामुळे पंखांवरून जात वेगळी करू नका.

ट्रायलोफिडिया, ओडेलियस, गॅस्ट्रिमार्गस. तिन्ही जमिनीवरचे, तिन्हींत मागचा पंख पिवळट असू शकतो. पंखाच्या रंगावर थांबलात तर तिन्ही एकच वाटतील. खोगिराची मधली धार बाजूने पाहा. ट्रायलोफिडिया ॲन्युलाटामध्ये ती दोनदा खाचलेली असून दोन दात उभे दिसतात. किडा लहान आणि केसाळ. गॅस्ट्रिमार्गसमध्ये धार कमानीसारखी उंच. ओडेलियसमध्ये खोगिरावर वरून फुलीसारखी फिकट खूण. ॲक्रोटायलसही केसाळच, पण त्याच्या मागच्या पंखाचे बूड गुलाबी किंवा लाल असते. सेमिनरी हिल्सच्या मुरमाड उघड्या वाटांवर असे नाकतोडे शोधावेत.

कॅटँटॉप्सचा गट. छातीच्या बाजूला, मागच्या मांडीच्या वर, तिरका दुधी पट्टा आणि मांडीवर काळे डाग. गट पटकन कळतो. डायाबोलोकॅटँटॉप्स आणि झेनोकॅटँटॉप्स वेगळे करायला मांडीच्या बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही बाजू लागतात, म्हणून चौथा फोटो टाळू नका.

वाळवंटी टोळ आणि सिर्टाकॅन्थॅक्रिस टाटारिका. यासाठी जरा जास्त वेळ द्या, कारण या चुकीची किंमत शेतकरी मोजतो. दोघे मोठे, दोघांच्या पुढच्या पंखांवर गडद ठिपके. डोळ्यांवरच्या उभ्या रेषा पाहून "टोळच" म्हटले जाते. या सगळ्या गटातल्या अनेक जातींत अशा रेषा असतात, तो पुरावा नाही. पुढील क्रमाने पाहा.

आधी खुंट. सिर्टाकॅन्थॅक्रिसमध्ये तो मागे, मधल्या पायांच्या दिशेने ठळक वळलेला. वाळवंटी टोळात, म्हणजे शिस्टोसेर्का ग्रेगॅरियात, खुंट दंडगोल, जवळजवळ सरळ आणि बोथट टोकाचा.

मग खोगीर वरून. टाटारिकात मधोमध फिकट पट्टा आणि दोन्ही बाजूंना गडद मखमली तपकिरी. हाच फिकट पट्टा पुढे मिटलेल्या पंखांवरही चालू राहतो. धाडीतल्या वाळवंटी टोळात असा पट्टा नसतो आणि खोगीर मध्यभागी जरा दबलेले असते.

नर असेल तर शेपटाची खालची पाती: वाळवंटी टोळाच्या नरात ती टोकाला दुभागलेली असते.

रंग शेवटी. धाडीतला कोवळा वाळवंटी टोळ गुलाबी, पक्व झाला की पिवळा. पाठीवरून फिकट पट्टा, खोगिराच्या बाजूलाही फिकट पट्टा आणि मागच्या पंखाचे बूड गुलाबी असेल तर तिसरी शक्यता धरा: बॉम्बे टोळ, पटांगा सक्सिंक्टा.

एकटा मोठा ठिपकेदार नाकतोडा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुरीत किंवा धुऱ्यावर दिसला तर फवारणीची घाई करू नका. खरेच थवा उतरला असेल तर ओळखीसाठी थांबायचे कारण नाही, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) लगेच कळवा आणि फोटो नंतर पाठवा.

एकाच फोटोवरूनही ज्यांची बरीच खात्री देता येईल असे थोडे आहेत. टेराटोडीस माँटिकॉलिसचे पानासारखे उंच, चपटे खोगीर दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. रुईवरचा पोइकिलोसेरस पिक्टस, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, तोही तसाच.

## टप्पा ८: ॲप आणि संकेतस्थळे आता उघडा

आयनॅचरलिस्ट किंवा गुगल लेन्स आधी उघडले की ते सुचवतील त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच डोळ्यांना दिसू लागतात. म्हणून आधी स्वतःचा गट कागदावर लिहा, मग ॲपला विचारा.

ॲप ज्या जातींचे फोटो जगभर जास्त आहेत त्या पुढे करते. युरोप किंवा ऑस्ट्रेलियातली नावे नागपूरच्या किड्याला सुचवली जाणे नेहमीचे आहे. प्रत्येक सुचवलेले नाव ऑर्थोप्टेरा स्पीशीज फाइल या नाकतोड्यांच्या जागतिक नामसूचीत टाकून पाहा: नाव आजही ग्राह्य आहे का, आणि जात भारतात नोंदलेली आहे का. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर मध्य भारतातल्या नोंदी पाहा. तिथले फोटो तुमच्या फोटोशी जुळवताना तोच भाग, तेच लिंग आणि तोच कोन घ्या.

आयनॅचरलिस्टवरची "रिसर्च ग्रेड" ही खूण म्हणजे ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचे एकमत. तिघांनी खुंट न पाहता होकार दिला तरी ती खूण लागते. नोंद वापरण्याआधी खाली दिलेली कारणे वाचा. कारण लिहिलेच नसेल तर विचारा.

## टप्पा ९: नोंद लिहिणे

एका किड्याचे फोटो एका फोल्डरमध्ये. फाइलचे नाव: दिनांक, गाव, किड्याचा क्रमांक, बाजू. एकाच झुडपावरच्या दोन किड्यांचे फोटो एकत्र झाले तर ती नोंद पुन्हा सुटी करता येत नाही, म्हणून प्रत्येक नव्या किड्याआधी वहीच्या पानावरच्या क्रमांकाचा फोटो काढा.

नोंदीत ठिकाण, वेळ, परिसर, लिंग, वाढ, दोन्ही मापे, पाहिलेल्या खुणा आणि न पाहिलेल्या खुणा लिहा. नाव तिथपर्यंतच, जिथपर्यंत फोटो साक्ष देतो. नमुना असा:

"ऑक्सिया, जात ठरवलेली नाही. मादी, वाढलेली. धानाची बांधी, पाण्याला लागून. डोळ्यामागे गडद पट्टा, गुडघ्याला काटा, खुंट शंकूसारखा. मागचे पंख पाहिले नाहीत. त्याच बांधीत नर शोधून शेपटाच्या टोकाचा, वरून आणि बाजूने, फोटो घेणे."

जात ठरवणे गरजेचेच असेल तर ही फाइल जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्र विभागाला, नाहीतर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्राला दाखवा. सातही फोटो मूळ आकारात द्या, आणि तुम्ही ठरवलेले नाव पत्राच्या शेवटी लिहा.